सगळेच पिळदार सिलिएट 'मेटोपस एस' असतात का? अवायुजीवी सिलिएटच्या जाती ओळखण्याबद्दल

गाळउपसा

तळ्याच्या तळाचा काळा, हायड्रोजन सल्फाइडचा वास मारणारा गाळ काचपट्टीवर घेतला की अंगाला पीळ पडलेला, गोल फिरत पुढे सरकणारा एखादा सिलिएट (सिलिया या बारीक केसांनी हलणारा एकपेशीय जीव) हमखास दिसतो. बहुतेक याद्यांमध्ये त्याची नोंद डोळे झाकून 'मेटोपस एस' अशी होते. हे कितपत खरे मानायचे?

उदाहरण म्हणून ही पेशी घ्या. गोड्या पाण्यातली, जिवंतपणी १२० ते १५० मायक्रोमीटर लांब. पुढचा घुमट डावीकडे वळलेला, संकोची रिक्तिका (जादा पाणी बाहेर टाकणारी पिशवी) मागच्या टोकाला, तिथेच लांब सिलियांचा झुपका. जांभळ्या प्रकाशात आतले ठिपके निळसर चमकतात. एवढ्यावर जातीपर्यंत पोचता येते का?

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपे जाईल. जाती ओळखायला वापरतात त्या १८एस आरआरएनए जनुकाचा क्रम (डीएनएची अक्षरे) आता एका पेशीतूनही काढता येतो. मग सिलियांच्या रांगा दिसाव्यात म्हणून पेशी चांदीने रंगवण्याचा खटाटोप कशाला?

काचपट्टी

जातीचे नंतर बघू. आधी तो अवायुजीवी, म्हणजे ऑक्सिजनशिवाय जगणारा, आहे का, हे तपासा. गाळात सापडला म्हणजे अवायुजीवी, असे समीकरण नाही. लॉक्सोडिस आणि स्पायरोस्टोमम त्याच नमुन्यात येतात, पण ते थोडा ऑक्सिजन असलेल्या पट्ट्यात राहणारे. लॉक्सोडिस तर ऑक्सिजन संपल्यावर नायट्रेटवर श्वसन करतो, पण त्याच्याकडे मायटोकॉन्ड्रिया शाबूत असतात.

सोपी चाचणी: थेंबावर आच्छादन काच ठेवा, चारही कडा व्हॅसलिनने बंद करा आणि आत मुद्दाम एक हवेचा बुडबुडा राहू द्या. मेटोपस, प्लॅजिओपायला, सीनोमॉर्फा बुडबुड्यापासून लांब, मधल्या भागात गोळा होतात. थोड्या ऑक्सिजनवाले बुडबुड्याभोवती ठरावीक अंतरावर कडे करतात. कडा उघड्या ठेवल्यात तर खरे अवायुजीवी गोल होऊन फुटतात, आणि मग फुटक्या पेशीच्या आकारावरून लोक नवी जाती काढतात.

नमुन्याची बाटली काठोकाठ भरा, झाकणाखाली बुडबुडा नको. अंधारात, नेहमीच्या तापमानाला ठेवा. फ्रिजमध्ये नको.

अळमटळम

वास घेऊन ओळखता येत नाही का? हलके घ्या.

काचपट्टी

@अळमटळम, गंमत सोडा, पण हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला वास येणेच बंद होते. बंद खोलीत गाळाच्या मोठ्या बादल्या ढवळू नका.

चांदीवाला

गाळउपसा, तुमचे वर्णन जीनसपर्यंत (जातींच्या गटापर्यंत) नेते, तेही 'बहुधा'. घुमट, पीळ, टोकाची रिक्तिका या गोष्टी मेटोपिडा गणात (मेटोपस आणि त्याचे नातलग) अनेकांकडे आहेत. ब्रॅकोनेला आखूड आणि जास्त पीळदार असतो. ज्याला पूर्वी मेटोपस व्हायोलॅशियस म्हणत तो आता अ‍ॅटोपोस्पायरा या वेगळ्या जीनसमध्ये आहे. खुद्द मेटोपस हा जीनस रेण्वीय वंशवृक्षात एकसंध येत नाही.

जातीसाठी लागणारी लक्षणे अशी: शरीराच्या मध्यावर सिलियांच्या उभ्या रांगा किती, मुखाकडची मेम्ब्रेनेल (सिलियांचे जुडगे) किती, घुमटाच्या कडेने जाणारा परिझोनल पट्टा किती लांब आणि कुठे संपतो (मेटोपसमध्ये त्यात सहसा पाच रांगा असतात), बृहत्केंद्रकाचा आकार, लघुकेंद्रक त्याला कुठे चिकटले आहे, आणि घुमटाच्या लांबीचे एकूण लांबीशी गुणोत्तर. यातली निम्मी लक्षणे रंगवल्याशिवाय मोजताच येत नाहीत. उलट त्वचेखालच्या कणांचा रंग आणि मांडणी जिवंत पेशीतच बघावी लागते, स्थिरीकरणानंतर ते बरेचदा दिसेनासे होतात. दोन्ही कामे करावीच लागतात.

प्रोटारगॉलची (चांदीयुक्त रंगाची) अंडी-अल्ब्युमिनवाली पद्धत थोडक्यात देतो. पेशी बोईनच्या द्रावणात १० ते ३० मिनिटे स्थिर करायच्या आणि पिवळेपणा जाईपर्यंत धुवायच्या. अल्ब्युमिन लावलेल्या काचपट्टीवर पसरून वाळवायच्या, अल्कोहोलने घट्ट करून परत पाण्यात आणायच्या. ०.२ टक्के पोटॅशियम परमँगनेट, धुणे, २.५ टक्के ऑक्झॅलिक आम्ल, पुन्हा धुणे. मग ०.४ ते ०.८ टक्के प्रोटारगॉल ६० अंशांवर. विकसनासाठी १ टक्का हायड्रोक्विनोन अधिक ५ टक्के सोडियम सल्फाइट, शेवटी २.५ टक्के सोडियम थायोसल्फेट.

बिघडते कुठे? गाळातल्या पेशी नीट धुतल्या नाहीत तर उरलेला सल्फाइड चांदीला पकडतो आणि सगळीकडे काळे कण बसतात. गोड्या पाण्यातल्या इतर सिलिएटना हा त्रास कमी. अल्ब्युमिन जाड झाले की पार्श्वभूमी तपकिरी, पातळ झाले की पेशी वाहून जातात. परमँगनेट कमी पडले तर पेशी गच्च काळी, जास्त झाले तर रांगाच फिक्या. प्रोटारगॉलचा प्रत्येक साठा वेगळा वागतो, म्हणून नवी बाटली उघडली की आधी पॅरामेशियमवर वेळ ठरवून घ्या. दुर्मीळ पेशींवर प्रयोग नको.

घाई असेल तर फर्नांडेझ-गालियानोची सिल्व्हर कार्बोनेट पद्धत. रांगा मिनिटांत दिसतात, पण ती काचपट्टी टिकत नाही.

सूक्ष्मबिंदू

+१. वाचनखूण साठवली.

एक भर. स्थिरीकरणात पेशी आकसतात. जिवंत लांबी आणि रंगवलेली लांबी एकाच रकान्यात टाकू नका. किमान २० पेशी मोजा आणि सरासरीबरोबर किमान, कमाल व विचरण गुणांक द्या. मेम्ब्रेनेलची संख्या पेशीच्या आकाराबरोबर वाढते, त्यामुळे तीन पेशींवरून काढलेला फरक फरक नसतोच.

बेसपेअर

क्रमाच्या बाजूने बोलतो, पण गाळउपसा यांच्याइतका बिनधास्त नाही.

सिलिएटच्या बृहत्केंद्रकात आरआरएनए जनुकाच्या भरपूर प्रती असतात, म्हणून एक पेशी पुरते हे खरे. पेशी बारीक काचनळीने उचला, गाळलेल्या आणि हवा काढलेल्या पाण्याच्या तीन-चार थेंबांतून फिरवा, मग ट्यूबमध्ये. साध्या पाण्यात रेंगाळलात तर ती तिथेच फुटते. कमी धुतलीत तर शेजारच्या छोट्या सिलिएटचा डीएनए वाढतो आणि तुम्ही ट्रायमायमाला मेटोपस म्हणून बसता.

१८एस सुमारे १,७०० अक्षरांचा. सँगर पद्धतीत एका दिशेने साधारण ७०० ते ९०० अक्षरे स्वच्छ येतात, म्हणून दोन टोकांबरोबर एखादा आतला प्रायमरही हवा. नाहीतर मधला भाग एकेरी वाचनावर राहतो आणि चुका तिथेच लपतात.

आता अडचणी. प्राण्यांचे बारकोडिंग ज्या सीओआय जनुकावर चालते ते इथे निरुपयोगी. हायड्रोजनोसोम (अवायुजीवी सिलिएटमधली हायड्रोजन सोडणारी अंगके) हे मायटोकॉन्ड्रियापासूनच झाले, पण सायटोक्रोम ऑक्सिडेज गेले आणि त्याबरोबर ते जनुकही. झुरळाच्या आतड्यातल्या निक्टोथेरस ओव्हॅलिसच्या हायड्रोजनोसोममध्ये स्वतःचा जीनोम शिल्लक आहे. त्यात श्वसनसाखळीतल्या पहिल्या संकुलाची जनुके आहेत, चौथ्याची (सायटोक्रोम ऑक्सिडेजची) नाहीत. म्हणजे सीओआयचे प्रायमर चालले नाहीत म्हणून रसायने बदलत बसू नका.

दुसरे, १८एस फार सावकाश बदलते. रांगांच्या आणि पट्ट्याच्या लक्षणांनी उघड वेगळ्या असलेल्या मेटोपिडांत एक टक्क्याहूनही कमी फरक सापडतो. त्यामुळे '९९ टक्के जुळले म्हणजे तीच जाती' हा नियम इथे लावू नये. त्याच जनुकसमूहातले जास्त वेगाने बदलणारे भाग, म्हणजे आयटीएसचा पट्टा आणि २८एसचा डी१-डी२ भाग, जोडीला घ्या.

तिसरे, क्रमांच्या सार्वजनिक संग्रहातल्या क्रमाला जे नाव चिकटले आहे ते कुणीतरी घाईत दिलेले असू शकते. त्या क्रमामागे रंगवलेल्या पेशींचे वर्णन आहे का, ते आधी बघा. नसेल तर जुळले म्हणजे काय जुळले?

गाळउपसा

@बेसपेअर, म्हणजे क्रम हवा, पण क्रमाला अर्थ येण्यासाठी कुणीतरी आधी रंगवलेले हवे. हरलो. पण मग एकाच नमुन्यातल्या काही पेशी रंगवल्या आणि एकीचा क्रम काढला, तर झाले की.

काचपट्टी

नाही झाले. सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. एका बाटलीत दोन-तीन मेटोपस एकत्र असणे नेहमीचेच. तुम्ही रंगवली एक जाती आणि क्रम आला दुसरीचा, तर असे वर्णन छापल्यावर पुढच्या प्रत्येकाची तुलना चुकते.

उपाय एकपेशीय संवर्धन. खनिज पाणी उकळून त्यातून नायट्रोजन सोडत थंड करा. लिटरला १ मिलिग्रॅम रेझाझुरिन (ऑक्सिजन असेल तर गुलाबी दिसणारा रंग) आणि उरलासुरला ऑक्सिजन काढायला सुमारे अर्धा ग्रॅम सिस्टीन हायड्रोक्लोराइड घाला. रेझाझुरिन गुलाबी असेपर्यंत पेशी टाकू नका, रंग पूर्ण गेला पाहिजे. रबरी बुचाच्या बाटलीत नायट्रोजनखाली भरा, उकळलेले एक-दोन गव्हाचे दाणे टाका. मूळ गाळाचे गाळलेले पाणी थोडे घातले की खाद्य म्हणून त्यातले जिवाणू येतात. दाणे जास्त झाले की आंबण होते, पीएच उतरतो आणि चार दिवसांत सगळे साफ. एका पेशीपासून सुरुवात करताना बाटली लहान घ्या, दोनेक मिलिलिटरची. बऱ्याच बाटल्या रिकाम्याच राहतात, म्हणून एकदम दहा-वीस लावा.

संवर्धन जमलेच नाही तर निदान ज्या पेशीचा क्रम काढणार तिचेच आधी चित्रीकरण करा. घुमट, रिक्तिका आणि केंद्रक स्पष्ट दिसतील असे. पीसीआरमध्ये पेशी संपते, मागे चित्रच उरते.

रवंथ

तुम्ही सगळे गाळात अडकलात. जगात सगळ्यात जास्त मोजले गेलेले अवायुजीवी सिलिएट गाळात नाहीत, गुराच्या रुमेनमध्ये (पोटाच्या पहिल्या कप्प्यात) आहेत. एका मिलिलिटरला लाखभर ते दहा लाख. आणि तिथे जीनस ओळखणे मेटोपसपेक्षा कितीतरी सोपे.

अंगभर सिलिया असतील तर आयसोट्रिका किंवा डॅसिट्रिका. डॅसिट्रिका लहान आणि तिच्या रांगा तिरक्या वळत जातात. आयसोट्रिका प्रोस्टोमा आणि आयसोट्रिका इंटेस्टिनॅलिस यांच्यात मुखाची जागा बघायची. सिलिया फक्त तोंडाजवळच्या एका पट्ट्यात असतील तर एंटोडिनियम. शिवाय पाठीकडे दुसरा पट्टा असेल तर डिप्लोडिनियमच्या गोतातले, आणि मग कंकाल-पट्टिका मोजायच्या: डिप्लोडिनियममध्ये नाही, युडिप्लोडिनियममध्ये एक, मेटाडिनियममध्ये दोन, एपिडिनियममध्ये तीन, पॉलिप्लास्ट्रॉनमध्ये पाच. पट्टिका पिष्टमय असतात, ल्यूगॉलच्या आयोडीनने तपकिरी उठतात. पण पेशीने पिष्टाचे कण गिळलेले असतील तर आतले सगळेच काळपट होते. म्हणून आयोडीन अगदी पातळ, आणि थेंब कडेने सोडायचा.

केंद्रकासाठी मिथाइल ग्रीन-फॉर्मॅलिन-मीठ द्रावण: ३५ टक्के फॉर्मॅल्डिहाइड १०० मिली, ऊर्ध्वपातित पाणी ९०० मिली, मिथाइल ग्रीन ०.६ ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम. नमुना यातच स्थिर होतो आणि रंगतोही. चांदीवाले, तुमची ६० अंशांची भट्टी लागत नाही.

चांदीवाला

@रवंथ, भट्टी लागत नाही कारण तुम्ही जीनसवर थांबलात. एंटोडिनियमच्या जाती मिथाइल ग्रीनवर सांगा बघू.

रवंथ

सांगतात लोक. शेपटीच्या काट्यांवरून. आणि तिथेच फसतात, हे कबूल.

एंटोडिनियम कॉडॅटमचे काटे पक्के नाहीत. एंटोडिनियम बर्सा हा त्याला खाणारा सिलिएट बरोबर असेल तर काटे लांब राहतात, आणि शिकारी नसलेल्या संवर्धनात आखूड होत जातात किंवा नाहीसेच होतात. एकाच वंशातले काटेवाले आणि बिनकाट्याचे दोन नावांनी नोंदवले जाण्याचा धोका उघड आहे. म्हणून काटे लिहा, पण निर्णय बृहत्केंद्रकाचा आकार, लघुकेंद्रक व रिक्तिकेच्या जागा आणि लांबी-रुंदीचे गुणोत्तर यांवर घ्या.

सूक्ष्मबिंदू

हाच मुद्दा मेटोपसला लागू. भुकेली पेशी सडपातळ आणि जास्त पीळदार दिसते, भरल्या पोटी तीच फुगून पीळ सैल पडतो. आच्छादन काचेच्या दाबाने रुंदी वाढते ती वेगळीच. १९३२मध्ये आल्फ्रेड काल या जर्मन संशोधकाने जिवंत पेशींवरून ढीगभर मेटोपस नोंदवले. १९९५च्या पुनरावलोकनात त्यातली पुष्कळ नावे समानार्थी ठरवली गेली.

चांदीवाला

आणि त्यानंतर चांदी व क्रम दोन्ही वापरल्यावर त्यातली काही पुन्हा वेगळी निघू लागली, हेही सांगा. ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन नदीच्या पूरमैदानाची कोरडी माती ओलवून तीतून मेटोपिडांची मोठी विविधता वर्णन झाली आहे. १९९५ची एकत्रीकरणाची कात्री जास्तच चालली, असे माझे मत.

अळमटळम

अवांतर: मातीत? कोरड्या? अवायुजीवी?

काचपट्टी

@अळमटळम, पुटी करून पडून राहतात. मातीच्या कणांत पाणी भरले आणि जिवाणूंनी ऑक्सिजन खाल्ला की बाहेर येतात. पेट्री थाळीत माती ओली करा, पाण्यात बुडवू मात्र नका. थोडे पाणी तिरपे निथळेल एवढेच, आणि काही दिवसांनी तो निचरा बघा.

निळीकिरणे

मूळ प्रश्नातल्या चमकत्या ठिपक्यांबद्दल कुणीच बोलले नाही.

ती चमक मिथेनजनकांची (पेशीच्या आत राहणाऱ्या, मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांची), त्यांच्यातल्या एफ४२० या सहघटकामुळे. सुमारे ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशाने उद्दीपित केले की निळा-हिरवा प्रकाश येतो. आतल्या हायड्रोजनोसोममधून निघणारा हायड्रोजन हे सहजीवी वापरतात. प्लॅजिओपायला फ्रॉन्टाटामध्ये तर हायड्रोजनोसोम आणि मिथेनजनक चकत्यांसारखे एकाआड एक रचलेले असतात.

पण जाती ठरवायला हे लक्षण दुय्यम ठेवा. चमक प्रकाशात झपाट्याने विझते, म्हणून आधी कॅमेऱ्याची वेळ ठरवा, मग झडप उघडा. लाल चमक दिसली तर ते गिळलेल्या शैवालाचे हरितद्रव्य. मिथेनजनकांना रोखणारे ब्रोमोइथेनसल्फोनेट दिलेल्या संवर्धनात मिथेनजनक मरतात तरी सिलिएट जगतो, मोठ्या जातींची वाढ मंदावते एवढेच. म्हणजे चमक नाही म्हणून जाती वेगळी, असे होत नाही. शिवाय सगळे सहजीवी मिथेनजनक नसतात. स्वित्झर्लंडच्या झूग सरोवरातल्या एका प्लॅजिओपायली सिलिएटमध्ये नायट्रेटवर श्वसन करणारा जिवाणू सहजीवी असल्याचे २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. स्ट्रॉम्बिडियम परप्युरियममध्ये जांभळे प्रकाशसंश्लेषी जिवाणू आहेत.

बेसपेअर

याच्याशी सहमत. वरच्या पातळीवरही दिसण्यावर जाऊ नये याचा उत्तम दाखला ओडोंटोस्टोमॅटिड. छोटे, चपटे, चिलखत घातल्यासारखे, मोजक्या सिलियांचे. सगळे एका गणातले वाटायचे. क्रम काढल्यावर एपॅल्झेला प्लॅजिओपायलियात गेला आणि डिस्कोमॉर्फेला वेगळाच पडला, ज्याच्यासाठी २०१८मध्ये ओडोंटोस्टोमॅटिया हा वर्ग मांडला गेला. २०२०मध्ये म्युरॅनोट्रिकिया आणि पॅराब्लेफॅरिस्मिया या दोन वर्गांची भर पडली. ते मेटोपसच्या वर्गाचे, म्हणजे आर्मोफोरियाचे, शेजारी. जाती ओळखायची जुनी किल्ली हातात असेल तर यातले काहीच तिच्यात सापडणार नाही.

नामकरण

नावाचेही बघा. मूळ नाव १७७६चे, म्युलर यांचे, तेव्हा ट्रायकोडा एस. मेटोपस हा जीनस १८५८मध्ये क्लापारेड आणि लाखमान यांनी केला. १७७६च्या वर्णनात मेम्ब्रेनेल, परिझोनल पट्टा वगैरे काहीच नाही, असणे शक्यही नव्हते. त्यामुळे आज 'मेटोपस एस' म्हणताना तुम्ही कोणत्या आधुनिक पुनर्वर्णनाशी पेशी ताडली, ते लिहिणे भाग आहे.

नवी जाती काढायची हौस असेल त्यांच्यासाठी: सिलिएटना प्राणिनामसंहिता लागू होते. २०००पासून प्रारूप (नाव ज्याला बांधले जाते तो नमुना) स्पष्टपणे नेमणे सक्तीचे आहे, आणि आदिजीवांसाठी एकाच काचपट्टीवरच्या अनेक पेशी मिळून हॅपँटोटाइप करता येतो. नुसत्या ऑनलाइन प्रकाशनाला २०१२पासून झूबँक या प्राणिनामांच्या नोंदवहीत नोंदणी लागते. क्रम संग्रहात टाकला म्हणजे जातीचे नामकरण झाले, असे होत नाही.

गाळउपसा

बरेच कळले. मग माझ्या पहिल्या पेशीच्या चिठ्ठीवर नेमके काय लिहायचे?

चांदीवाला

गोडे पाणी असल्याने मेटोपस कॉन्टॉर्टस मागे पडतो, तो मुख्यतः खाऱ्या आणि मचूळ पाण्यातला. झुपक्यावर जाऊ नका, तो अनेक जातींत असतो. त्वचेखालच्या कणांचा रंग लिहिला आहे का? नसेल तर उरलेल्या जिवंत पेशींत आजच बघा, गडद तपकिरी आणि बरीच मोठी असेल तर मेटोपस फस्कसशीही ताडावे लागेल. रांगा मोजेपर्यंत चिठ्ठीवर 'मेटोपस, एस-सदृश'. त्याखाली पाण्याची क्षारता, तापमान, तारीख, जिवंत लांबी आणि किती पेशी मोजल्या ते.

नामकरण

आणि काचपट्टीचा क्रमांक. तो नसेल तर बाकीचे लिहूनही उपयोग नाही.

बेसपेअर

त्याच नमुन्यातल्या पाच-सहा पेशी एकेकट्या ट्यूबमध्ये उणे २० अंशांवर ठेवून द्या, प्रत्येकीच्या चित्रफितीचा क्रमांक ट्यूबवर. क्रम नंतर काढता येईल, गाळ मात्र महिन्याभराने तोच राहत नाही.

रवंथ

ट्यूबवर साध्या शाईने लिहू नका, अल्कोहोल लागले की पुसते. पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी.

अळमटळम

उणे २० अंशांवर चिकटपट्टी सुटते. हे मात्र गंभीरपणे सांगतोय.